जाहिरातीतला 'मुलगा' काढायचा कसा? नोकरीची जाहिरात लिहिण्याची क्रमवार रीत

सिंधुदुर्गातल्या कुडाळात माझं डीटीपी-झेरॉक्सचं दुकान आहे. महिन्याला चार-पाच तरी 'पाहिजेत'चे कागद टाइप करायला येतात. कधी काजू फॅक्टरीचा, कधी हार्डवेअरच्या दुकानाचा, कधी तारकर्लीकडच्या होमस्टेचा, कधी एमआयडीसीतल्या वर्कशॉपचा. मजकूर बहुतेक वेळा जुन्या बिलाच्या पाठीमागे खरडलेला असतो आणि देणारा सांगतो, "बघ गो, माणसा गावनत नाय." मी कागद उलटा करून वाचते: 'होतकरू, धडाडीचा मुलगा पाहिजे.'

२०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया होत्या, सिंधुदुर्गात १,०३६. चाकरमान्यांचे जिल्हे हे. कमावता पुरुष मुंबईला, घर गावात. अशा ठिकाणी माणसं मिळत नाहीत म्हणणाऱ्यानं 'मुलगा पाहिजे' लिहायचं, म्हणजे अर्ध्याहून जास्त गावाला आधीच नको म्हणून मग वाट बघत बसायचं.

हे पटलेले लोकही पुढे चुकतात. जाहिरात आहे तशीच ठेवतात आणि शेवटी कंसात 'स्त्री/पुरुष' घालतात. त्यानं काही बदलत नाही. आधी काम नक्की करायचं, मग पदाचं नाव, मग वाक्यं, मग जाहिरात लावायची जागा, मग फोन आणि मुलाखत. हा क्रम उलटा केलात तर प्रत्येक पायरीवर मागे यावं लागतं.

एक गोष्ट आधीच डोक्यात ठेवा. २०११ मध्ये मानसशास्त्राच्या संशोधक डॅनिएल गॉशर आणि सहकाऱ्यांनी नोकरीच्या जाहिरातींमधल्या शब्दांवर प्रयोग केले. पुरुषी छापाच्या शब्दांनी भरलेल्या जाहिराती बायकांना कमी आवडल्या. त्याचं कारण 'मला हे जमणार नाही' हे नव्हतं, 'मी तिथली वाटणार नाही' हे होतं. त्यामुळे 'ज्याला जमेल तो येईलच' हा युक्तिवाद इथे चालत नाही. जमणारी माणसंच जाहिरात वाचून पुढे जातात.

## १. जाहिरात बाजूला ठेवा, आधी काम लिहा

एक फुलस्केप कागद घ्या आणि मधोमध उभी रेघ मारा. डावीकडे त्या माणसानं दिवसभरात प्रत्यक्ष काय करायचं ते लिहा, क्रियापदात: बिल करणे, माल मोजणे, फोन घेणे, गाडी धुणे. 'दुकान सांभाळणे' असलं मोघम नको. उजवीकडे प्रत्येक कामासमोर लिहा, ते दिवसातून किती वेळा करावं लागतं.

उजवा रकाना लोक गाळतात, आणि खरी गंमत तिथेच असते. एका हार्डवेअरवाल्यांनी काउंटरसाठी 'मुलगाच हवा' असा हट्ट धरला होता, कारण सिमेंटची गोणी उचलावी लागते. गोणी ५० किलोची. दिवसातून किती वेळा उचलावी लागते, असं विचारलं. ते जरा थांबले. गाडी येते तेव्हा हमाल उतरवतात. गिऱ्हाईक नेतं तेव्हा टेम्पोवाला चढवतो. काउंटरवरचा माणूस गोणी उचलतो ती आठवड्यातून एखाद्या वेळी, आणि तीसुद्धा ढकलगाडी मागच्या खोलीत गंजत पडलीय म्हणून. जाहिरातीतला 'मुलगा' त्या गंजलेल्या ढकलगाडीपायी आला होता.

कागद भरून झाला की चार प्रश्न विचारा.

वजन. किती किलो, किती वेळा, आणि साधन आणलं तर किती उरतं? उरलेला आकडा जाहिरातीत येईल. 'दणकट' हा शब्द येणार नाही.

वेळ. काम सुटतं किती वाजता, आणि त्यानंतर तुमच्या बाजूला जाणारी एसटी आहे का? कोकणात नोकरीची खरी वेळ शेवटच्या एसटीनं ठरते. सहा वाजता सुट्टी आणि पावणेसहाला गाडी असं असेल, तर अर्धा तास आधी सोडणं हे कुठल्याही गोड शब्दांपेक्षा जास्त कामाचं. रात्रीची पाळी असेल तर महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यातली तरतूद बघा: रात्री ९.३० ते सकाळी ७ या वेळात स्त्रियांना कामावर ठेवायचं तर त्यांची संमती हवी, आणि सुरक्षिततेची व घरी पोचवण्याची व्यवस्था मालकानं करायची.

वाहन. टू-व्हीलर कामासाठी लागते की नुसतं कामावर येण्यासाठी? कामासाठी लागत असेल तर तसं लिहा, आणि पेट्रोल कोण भरणार तेही. नुसतं पोचायचं असेल तर ती अट काढा. बऱ्याच घरांत गाडी एकच असते आणि तिची चावी कोणाच्या खिशात असते ते मी सांगायला नको.

शौचालय. आहे का, कडी लागते का, पाणी येतं का? बायकांना कामावर घ्यायचंय आणि हे नाही, तर इथेच थांबा. जाहिरात पुढच्या महिन्यात द्या, आधी प्लंबर बोलवा.

> तपासा: कागदावरचं एकही काम असं आहे का, जे शरीरानं फक्त पुरुषालाच किंवा फक्त स्त्रीलाच करता येईल? उत्तर 'आमच्याकडे नेहमी पुरुषच करतात' असं येत असेल, तर ते उत्तर धरू नका.

खरे अपवाद असतात, थोडे असतात. मुलींच्या वसतिगृहाच्या रेक्टर, किंवा बायकांची अंगझडती घेणाऱ्या सुरक्षारक्षक. तिथे सरळ 'महिला' लिहा आणि एका ओळीत कारण द्या. बाकी ठिकाणी कायदाही स्पष्ट आहे. १९७६ च्या समान वेतन कायद्यात जे होतं ते आता वेतन संहिता, २०१९ मध्ये आलंय, आणि ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालीय. सारख्या कामासाठी माणूस घेताना आणि पगार देताना लिंगावरून भेद करता येत नाही. 'बायका पाहिजेत' लिहिणारालाही हे लागू आहे.

## २. पदाचं नाव बदला

वाचणारा सगळ्यात आधी पदाचं नाव वाचतो आणि बहुतेक वेळा तिथेच ठरवतो. आपल्याकडची अर्धी नावं इंग्रजीतून 'मन' आणि 'बॉय' घेऊन आलीत, उरलेली घरातून 'बाई' आणि 'गडी' घेऊन.

मी दुकानात वापरते ती अदलाबदल अशी:

- सेल्समन: विक्री प्रतिनिधी
- ऑफिस बॉय: ऑफिस मदतनीस
- डिलिव्हरी बॉय: डिलिव्हरीचे काम
- वॉचमन: सुरक्षारक्षक, बागेसाठी राखणदार
- कामवाली, मोलकरीण: घरकामासाठी मदतनीस
- रिसेप्शनला मुलगी: रिसेप्शनिस्ट
- गडी, बायका: बागकामासाठी मजूर, आणि पुढे काम: झाडणी, आंबा काढणी, पेटी भरणे

'मदतनीस' हा फार गुणी शब्द आहे. त्याला लिंग चिकटत नाही आणि अंगणवाडीमुळे गावोगाव माहीत आहे. 'कर्मचारी', 'प्रतिनिधी', 'सहायक' हेही तसेच. महावितरणच्या भरतीत 'विद्युत सहाय्यक' असतो, एसटीच्या भरतीत 'चालक तथा वाहक'. सरकारी मराठीला आपण नावं ठेवतो, पण इथे तिची नक्कल करायला हरकत नाही.

एक अडचण आयटीआयच्या नावांची. ट्रेडचं नावच 'वायरमन' आहे. ते प्रमाणपत्राचं नाव म्हणून तसंच ठेवा: 'वायरिंगच्या कामासाठी मदतनीस. आयटीआय वायरमन ट्रेड पास असणे आवश्यक.' पद वेगळं, प्रमाणपत्र वेगळं.

> सावध: 'सुपरवायझरीण', 'मॅनेजरीण' असले शब्द जुळवू नका. वाचणारी बाईही हसते, पुरुषही हसतो, आणि जागा राहते बाजूला.

## ३. वाक्यातलं लिंग शोधा

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. इंग्रजी जाहिराती तपासण्यासाठी इंटरनेटवर शब्दांच्या याद्या मिळतात. त्या मराठीला लावून उपयोग नाही, कारण आपल्याकडे लिंग शब्दात कमी आणि शब्दाच्या शेपटीत जास्त असतं. क्रियापद, विशेषण, 'चा-ची-चे', सगळीकडे. मी सुरुवातीला 'वाचते' लिहिलं तिथेच तुम्हाला कळलं की लिहिणारी बाई आहे. मराठीत लपून राहायची सोय नाही, म्हणून मुद्दाम वाक्य वळवावं लागतं.

लाल पेन घ्या आणि जाहिरातीतल्या प्रत्येक 'आ' आणि 'ई' नं संपणाऱ्या शब्दाखाली रेघ ओढा. मग खालच्या युक्त्या लावा.

'णारा' काढा, 'णे' लावा. 'टॅली येणारा मुलगा पाहिजे' याचं 'टॅली येणे आवश्यक.' 'गाडी चालवणारा' याचं 'चारचाकी चालवता येणे आवश्यक, परवाना हवा.' दहातली सहा वाक्यं एवढ्यानंच सुधारतात.

'असलेला', 'झालेला' गाळा. 'बारावी पास झालेला, दोन वर्षांचा अनुभव असलेला' याचं नुसतं 'बारावी पास. २ वर्षांचा अनुभव.' जाहिरात लहान होते आणि वर्तमानपत्रात शब्दांवर पैसे मोजत असाल तर बिलही.

'तो', 'त्याला' ऐवजी अनेकवचन. 'त्याला राहण्याची सोय दिली जाईल' याचं 'निवड झालेल्यांना राहण्याची सोय दिली जाईल.' जागा एकच असली तरी हे आदरार्थी म्हणून खपून जातं.

'अर्ज करावा', 'समक्ष भेटावे' बिनधास्त ठेवा. यांचं रूप अर्ज करणाऱ्यावरून बदलत नाही. उत्साहाच्या भरात लोक हेही खोडतात आणि 'अर्ज करावा/करावी' असं काहीतरी करून ठेवतात. 'करावा' मधला पुल्लिंग अर्जाचा आहे, माणसाचा नाही.

तिरप्या रेघा कमीत कमी. 'हुशार असलेला/ली, बोलणारा/री, येणारा/री' अशी जाहिरात वाचताना खड्ड्यातून रिक्षा चालल्यासारखं वाटतं. वाक्य वळवता येत असेल तर रेघ मारू नका. 'शिक्षक/शिक्षिका' सारखी रुळलेली जोडी चालेल, तीही एकदाच.

'उमेदवार' पुल्लिंगी आहे अशी शंका मला एकदा एका शिक्षकांनी विचारली. व्याकरणात आहे, पण निवडणुकांमुळे 'महिला उमेदवार' इतकं ऐकलंय की कानाला तो शब्द दोघांचा वाटतो. मी तो ठेवते. फक्त पुढे 'उमेदवार सक्षम असावा' असं न करता 'उमेदवाराकडे पुढील कौशल्ये हवीत' असं वळवते. 'व्यक्ती' हा शब्द स्त्रीलिंगी असूनही सगळ्यांना चालतो, तोही हाताशी असू द्या.

> तपासा: जाहिरात मोठ्यानं वाचून दोघांना ऐकवा, एक बाई आणि एक पुरुष. 'कशी वाटली?' विचारू नका, 'छान' एवढंच म्हणतील. विचारा: "ऐकताना डोळ्यासमोर कोण आलं?" दोघांनी एकाच तऱ्हेचा माणूस सांगितला तर लाल पेन पुन्हा उचला.

## ४. विशेषणं खोडा, तिथे काम लिहा

'धडाडीचा', 'तडफदार', 'रफ अँड टफ', 'खंबीर', 'चोवीस तास तयारी असणारा' ही एक टोपली. 'सालस', 'गोड बोलणारी', 'टापटीप', 'सुस्वरूप', 'मनमिळाऊ' ही दुसरी. पहिली वाचून बाई मागे सरते, दुसरी वाचून पुरुष. आणि दुसरी वाचून अनेक बायकाही मागे सरतात, कारण 'सुस्वरूप' मागणारा मालक कसा असेल याचा अंदाज त्यांना येतो.

दोन्ही टोपल्यांवर उपाय एकच. विशेषणाला विचारा, 'म्हणजे काय करायचं?'

- धडाडीचा: रोज ८ ते १० दुकानांत जाऊन ऑर्डर घेणे, महिन्याचे उद्दिष्ट ठरलेले आहे
- गोड बोलणारी: तक्रार घेऊन आलेल्या पर्यटकांशी मराठी आणि हिंदीत बोलता येणे
- चोवीस तास तयारी: मे महिना आणि दिवाळीच्या सुट्टीत आठवड्याची सुट्टी बदलून घ्यावी लागेल
- टापटीप: गणवेश दिला जाईल

'मेहनती', 'प्रामाणिक', 'हुशार' ही विशेषणं लिंगाप्रमाणे बदलत नाहीत आणि कुठल्या टोपलीतलीही नाहीत, म्हणून ती निर्दोष आहेत. पण ती काही सांगतही नाहीत. आळशी आणि लबाड पाहिजेत असं कोण लिहितं? एखादं ठेवलंत तरी चालेल.

वय आणि लग्नाच्या अटी याच वेळी काढा. 'अविवाहित मुलींना प्राधान्य' लिहिणाऱ्यांना मी कारण विचारते. उत्तर येतं, लग्न झालेल्या सुट्ट्या घेतात. गणपतीला आणि शिमग्याला कोकणात कोण सुट्टी घेत नाही ते मला दाखवा.

## ५. पगार आणि सोयी लिहा

हा भाग थोडक्यात. 'पगार समक्ष' लिहू नका, आकडा लिहा. घासाघीस करायची सवय आणि मुभा ज्यांना नाही, ते 'समक्ष' वाचून येतच नाहीत, आणि त्यांत बायका जास्त असतात.

बागेच्या कामाला आपल्याकडे गड्याची हजेरी वेगळी आणि बाईची वेगळी असते. कामं खरंच वेगळी असतील तर दर कामाला लावा: आंबा काढणीचा हा, पेटी भरण्याचा हा. काम तेच आणि दर दोन असतील, तर ते कागदावर छापून मागू नका. मी छापत नाही.

## ६. एक कागद, आधी आणि नंतर

माझ्याकडे येतात त्यांतल्या तीन-चार कागदांचा मिळून हा नमुना. दरांचे आकडे इथे गाळलेत.

आधी:

'त्वरित पाहिजेत! काजू फॅक्टरीसाठी होतकरू, धडाडीचा सुपरवायझर (मुलगा), वय २५ ते ३५, टू-व्हीलर असणारा. ऑफिससाठी मुलगी, दिसायला नीटनेटकी, गोड बोलणारी, अविवाहितांना प्राधान्य. ग्रेडिंगसाठी बायका. पगार समक्ष. रात्री ८ नंतर मालकांना भेटावे.'

नंतर:

'काजू प्रक्रिया युनिटमध्ये खालील जागा भरणे आहे. स्त्री, पुरुष, तृतीयपंथी कोणीही अर्ज करू शकतात.

सुपरवायझर, १ जागा. हजेरी आणि मालाची आवक-जावक नोंदवणे, १५ जणांच्या कामाची रोजची आखणी करणे. बारावी पास. ग्रेडिंग किंवा पॅकिंगच्या कामाचा अनुभव असल्यास उत्तम.

ऑफिस सहायक, १ जागा. फोन घेणे, बिले करणे, ऑर्डरचा पाठपुरावा. टॅली येणे आवश्यक.

ग्रेडिंग, ६ जागा. डब्ल्यू २४०, डब्ल्यू ३२० आणि तुकडा वेगळा करणे. काम शिकवले जाईल, शिकण्याच्या दिवसांचाही पगार मिळेल.

वेळ सकाळी ८.३० ते सायंकाळी ५.३०. रविवार सुट्टी. प्रत्येक कामासमोर दर दिला आहे, तो सर्वांना सारखा. स्वतंत्र शौचालये आहेत. एसटी थांब्यापासून चालत ५ मिनिटे. सकाळी १० ते ५ या वेळात फोन करावा.'

दोन गोष्टींकडे लक्ष द्या. सुपरवायझरच्या अटीत 'ग्रेडिंगचा अनुभव' आलाय. आधीच्या कागदात वर्षानुवर्षं टेबलावर बसून काजू ओळखणाऱ्या बाईला सुपरवायझरची ओळ वाचायचंही कारण नव्हतं. दुसरं म्हणजे, 'बायका' जाऊन कामाचं वर्णन आलं. डब्ल्यू ३२० म्हणजे एका पौंडात साधारण ३०० ते ३२० गर बसतात तो आकार. २४० आणि ३२० मधला फरक नजरेनं आणि बोटांनी ओळखणं हे कसब आहे. 'बायका' लिहिलं की ते हलकं काम होतं आणि मग त्याचा दरही हलका होतो.

सुरुवातीच्या 'कोणीही अर्ज करू शकतात' या ओळीवर मात्र विसंबू नका. खालच्या ओळी बदलल्यात म्हणून ती शोभते. जुन्याच जाहिरातीवर चिकटवली असती तर वाचणारानं ओळखलं असतं. तृतीयपंथी व्यक्तींशी नोकरीत भेदभाव करायला २०१९ च्या कायद्यानं मनाई आहे, त्यामुळे तो शब्द लिहायला बिचकू नका. पण लिहिल्यावर दारातून परत पाठवायचं नाही.

## ७. चित्र आणि जागा

हे माझ्या धंद्यातलं पाप, कबूल करते. जाहिरातीच्या कोपऱ्यात जागा उरली की आम्ही डीटीपीवाले तयार चित्र टाकतो: टाय लावलेला हात मिळवणारा पुरुष, हेल्मेटवाला पुरुष, हेडफोन लावलेली हसरी मुलगी. मजकूर कितीही सांभाळा, ते चित्र आधी बोलतं. चित्र नको म्हणा. टाकायचंच तर कामाच्या जागेचं टाका: टेबल, मशीन, दुकानाचं दार.

जाहिरात कुठे लावता हेही तपासा. चहाच्या टपरीवरचा बोर्ड आणि क्रिकेट क्लबचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप इथे पुरुष वाचतात. रेशन दुकान, प्राथमिक आरोग्य केंद्र, शाळेचं फाटक, बचत गटांचे ग्रुप इथे बायका. कॉलेज, ग्रामपंचायत आणि एसटी स्टँड इथे दोघंही. प्रत्येक गटातली एक तरी जागा धरा.

> सावध: 'रात्री ८ नंतर भेटावे' किंवा भेटीचं ठिकाण म्हणून लॉजची खोली असं काही लिहिलं असेल, तर आधीच्या सहा पायऱ्या वाया गेल्या. दिवसाची वेळ आणि लोकांची ये-जा असलेली जागा द्या.

## ८. फोन कोण उचलतं?

कागदावर सगळं नीट आणि फोनवर घोटाळा, हे सर्रास होतं. माझ्याच दुकानातून एका ओळखीच्या मुलीनं नंबर लावला होता. वर्कशॉपमधल्या स्टोअरची जागा. पलीकडून आवाज आला, "कोणासाठी विचारताय?" ती म्हणाली, माझ्यासाठी. पलीकडे दोन क्षण शांतता, मग, "ता बाईमाणसाक जमतला काय?" आणि मग, "घरात कोण असतील तर त्यांना फोन करायला सांगा." जाहिरातीत 'कोणीही अर्ज करू शकतात' असं मीच टाइप केलं होतं.

फोन उचलणाऱ्याला जाहिरातीची प्रत द्या आणि चार ओळी लिहून द्या: नाव काय, कोणत्या जागेसाठी, कधी भेटायला जमेल, काही विचारायचंय का. बस. 'जमेल का?', 'घरून चालेल का?', 'मिस्टर काय करतात?' हे फोनवर नाही. सगळ्यांना 'तुम्ही'. मुलग्याला 'तुम्ही' आणि मुलीला 'गो बाय' असं करू नका, प्रेमानं म्हणत असलात तरी.

> तपासा: ओळखीच्या एका बाईला आणि एका पुरुषाला त्या नंबरवर फोन करायला सांगा. दोघांना काय विचारलं गेलं ते शेजारी-शेजारी लिहा.

## ९. मुलाखत आणि पहिला आठवडा

प्रश्न आधी लिहा, सगळ्यांना तेच विचारा, त्याच क्रमानं. पहिल्या पायरीतला कागद काढा, प्रश्न त्यातूनच येतात. बिल करायचं काम असेल तर बिल करायला द्या. ग्रेडिंग असेल तर मूठभर काजू समोर ठेवा.

घराबद्दल काही जाणून घ्यायचं असेल तर ते कामाच्या भाषेत विचारा. 'मुलं कोण सांभाळणार?' ऐवजी 'सकाळी साडेआठला रोज पोचता येईल का?' आणि हा प्रश्न पुरुषालाही. त्याची एसटीही चुकते.

रुजू होतानाच्या कागदांवर नजर टाका. छापील फॉर्मवर 'श्री.' आधीच छापलेलं असतं, किंवा 'पतीचे/वडिलांचे नाव' असा एकच रकाना असतो. 'पूर्ण नाव' आणि 'तातडीच्या वेळी कोणाला कळवायचे' असे दोन रकाने पुरतात. हजेरीपटात पुरुषांची पूर्ण नावं आणि बायकांची नुसती पहिली नावं लिहायची पद्धतही याच दिवशी मोडा.

दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तर २०१३ च्या कायद्यानं लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती नेमणं बंधनकारक आहे. त्याहून कमी असतील तर तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते. कोणाकडे जायचं ते पहिल्याच दिवशी सांगा आणि भिंतीवर लावा, सगळ्यांना दिसेल असं.

## १०. वही ठेवा

शंभर पानी वही, चार रकाने: फोन किती आले, भेटायला किती आले, किती घेतले, तीन महिन्यांनी किती टिकले. प्रत्येक रकान्यात स्त्री आणि पुरुष वेगळे. गळती कुठे होतेय ते यातून कळतं. फोनच येत नसतील तर शब्द किंवा लावण्याची जागा चुकलीय, दोन ते चार आणि सात या पायऱ्यांकडे परत जा. फोन येतात पण माणसं येत नाहीत, तर आठवी पायरी. येतात पण टिकत नाहीत, तर पहिल्या पायरीतली एसटी आणि शौचालय पुन्हा बघा, शब्दांना बोल लावू नका. एका जाहिरातीवरून निष्कर्ष काढू नका. आंब्याच्या हंगामात आणि पावसात एकाच जाहिरातीला वेगळा प्रतिसाद येतो.

वहीची सवय मला माझ्या चुकीतून लागली. काही वर्षांपूर्वी माझ्याच दाराला कागद होता: 'टायपिंगसाठी मुलगी पाहिजे.' मराठी टायपिंग म्हणजे मुलगी, असं माझ्याही डोक्यात बसलेलं. तेव्हा एक मुलगा येऊन काही प्रिंट काढून गेला, कागदाकडे बघत उभा राहिला, पैसे देऊन निघून गेला. पुढे कळलं की त्याचा आयटीआयचा कोपा (कॉम्प्युटर ऑपरेटरचा) ट्रेड झाला होता आणि मराठी टायपिंगची तिसाची, म्हणजे मिनिटाला ३० शब्दांची, परीक्षाही पास होता. मी तेव्हा दोन महिने माणूस शोधत होते. आता दाराला कागद आहे तो असा: 'डीटीपी ऑपरेटर, १ जागा. मराठी टायपिंग येणे आवश्यक. वेळ १० ते ६.' खाली पगार लिहिलाय. काल दोन फोन आले, दोन्ही वहीत लिहिलेत.